खांब दाराशी आला, पुढे काय?

पश्चिम केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला बुसिया आणि सियाया असे दोन जिल्हे आहेत. दाट वस्ती, मक्याची शेती, छोटे आठवडी बाजार. २०१३च्या सुमारास अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने तिथल्या गावांत फिरून मोजणी केली. जिथे रोहित्र, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो ते, आधीच बसलेलं आहे, तिथल्या किती घरांत वीज आहे? उत्तर आलं, जेमतेम ५ टक्के. शाळेत वीज होती, दवाखान्यात होती, बाजारातल्या काही दुकानांत होती. त्यांच्या आजूबाजूच्या शेकडो घरांत रॉकेलचे दिवे जळत होते.

‘विकसनशील देशांत वीज नाही’ असं आपण ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर दुर्गम डोंगर नाहीतर वाळवंट येतं. तशा जागा आहेतच. पण वीज नसलेल्या लोकांतला फार मोठा भाग तारेपासून हाकेच्या अंतरावर राहतो. त्यांच्यापर्यंत वीज का पोचत नाही, पोचली तर टिकते का, आणि हे काम बहुतेक देशांत सरकारी वीज कंपनीवरच का येतं, हे केनियाच्या उदाहरणातून नीट समजतं. आपल्या महावितरणच्या अडचणीही त्याच उजेडात पाहिल्या तर जास्त स्पष्ट दिसतात.

वीज तीन टप्प्यांतून येते. केंद्रात ती तयार होते, मोठ्या मनोऱ्यांवरून उच्चदाबाने ती लांब नेली जाते आणि शेवटी उपकेंद्र, फीडर (म्हणजे उपकेंद्रातून निघून डीपींना वीज देणारी वाहिनी), डीपी आणि खांब अशा वाटेने घरात येते. पहिल्या दोन टप्प्यांत मोठे आकडे असतात, मोठी उद्घाटनं असतात. गरिबाच्या घरात दिवा लागणार की नाही हे मात्र तिसऱ्या टप्प्यात ठरतं, आणि पैसाही तिथेच अडतो.

जोडणीची किंमत

केनियात तेव्हा घरगुती जोडणीसाठी ३५,००० शिलिंग भरावे लागत. त्या वेळच्या दराने हे सुमारे ४०० डॉलर होतात. रोज थोडं थोडं कमावणाऱ्या कुटुंबासाठी ही रक्कम अशक्यच. गंमत वाटेल, पण कंपनीला एवढ्या पैशांतही जोडणी परवडत नव्हती. दोन-तीन जादा खांब, तार, मीटर, मजुरी, वाहतूक धरली की खर्च त्याच्या बराच पुढे जात होता. म्हणजे ग्राहकाला जी किंमत डोंगराएवढी होती, तीच कंपनीसाठी तोट्याची होती.

केनेथ ली, एडवर्ड मिगेल आणि कॅथरिन वोल्फ्रम या अभ्यासकांनी मग तिथल्या दीडशे वस्त्यांमध्ये एक प्रयोग केला. कोणत्या वस्तीला किती सवलत, हे सोडत काढून ठरवलं. पूर्ण किंमत मागितली तिथे जवळजवळ कुणीच पुढे आलं नाही. १५,००० शिलिंगला जोडणी देऊ केली तिथे साधारण चौथा हिस्सा घरांनी ती घेतली. फुकट देऊ केली तिथे जवळजवळ सगळ्यांनी. वीज नको असं कुणीच म्हणत नव्हतं. अडत होतं ते एकरकमी पैशापाशी.

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. गावातल्या सगळ्या घरांना एकदम जोडलं तर दर घरामागचा खर्च बराच उतरतो. तेच खांब, तीच गाडी, तेच लाइनमन आणि तीच मोजणी पन्नास घरांत वाटली जाते. आज एक अर्ज, सहा महिन्यांनी दुसरा, असं केलं तर प्रत्येक वेळी सगळी जुळवाजुळव नव्याने करावी लागते. त्यामुळे वीज ‘ज्याला हवी त्याने मागावी’ या पद्धतीने गावभर कधीच पोचत नाही. कुणीतरी अख्खं गाव एकदम हाती घ्यावं लागतं, आणि पैसे परत यायला कित्येक वर्षं थांबायची तयारी ठेवावी लागते.

२०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांच्या सरकारने ‘लास्ट माइल’ योजना आणली. डीपीपासून ६०० मीटरच्या आतली सगळी घरं जोडायची, शुल्क ३५,००० वरून १५,००० शिलिंगवर आणायचं, तेही हप्त्यांनी. उरलेला पैसा सरकार, जागतिक बँक आणि आफ्रिकन विकास बँक यांच्याकडून. ज्या घरांत आतलं वायरिंग करण्याचीही ऐपत नव्हती, त्यांच्यासाठी दिव्याचा होल्डर आणि सॉकेट आधीच बसवलेला एक छोटा बोर्ड देण्यात आला. भारताच्या २०१७च्या सौभाग्य योजनेतही हीच जाण होती. यादीतल्या गरीब घरांना जोडणी मोफत, इतरांना ५०० रुपये, तेही बिलातून १० हप्त्यांत, आणि सोबत एक एलईडी दिवा व मोबाइल चार्ज करायची सोय.

केनियातला वेग थक्क करणारा होता. २०१३ मध्ये केनिया पॉवर या कंपनीचे ग्राहक सुमारे २३ लाख होते, पाच वर्षांत ते ६५ लाखांच्या पुढे गेले. गोष्ट इथेच संपली असती तर ती यशोगाथा झाली असती.

महिन्याला दहा युनिट

आता नव्याने जोडलेल्या घरातला वापर मोजून पाहू. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला तर महिन्याला साधारण सव्वा ते दीड युनिट होतं. असे तीन दिवे धरले तर चार युनिट. ५० वॅटचा टीव्ही रोज चार तास पाहिला तर सहा युनिट. मोबाइलचं चार्जिंग इतकं कमी की मोजण्यात येत नाही. सगळं मिळून दहा युनिट. ग्रामीण केनियातल्या बऱ्याच नव्या घरांचा वापर एवढाही नव्हता. टीव्ही घ्यायलाच पैसे नव्हते, मग फ्रिज, पंखा किंवा शेगडी तर दूरच.

कंपनीच्या बाजूने पाहा. दहा युनिटचा ग्राहक असो की तीनशे युनिटचा, खांब तेवढाच लागतो. वादळात तार तुटली तर लाइनमनला तेवढंच अंतर जावं लागतं. डीपी जळाला तर तो बदलण्याचा खर्च तोच. शिवाय गरिबाला परवडावं म्हणून कमी वापराचा दर सरकारने स्वस्त ठेवलेला असतो, आणि ठेवायलाच हवा. म्हणजे ज्या ग्राहकाला वीज पोचवायला सर्वांत जास्त खर्च, त्याच्याकडूनच सर्वांत कमी उत्पन्न. ग्राहक जवळजवळ तिप्पट झाले तरी केनिया पॉवरने विकलेली एकूण वीज तिपटीच्या जवळपासही गेली नाही.

यात तंत्राचाही एक भाग आहे. तारेतून वीज वाहताना काही वाया जातेच, आणि हा तोटा विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह दुप्पट झाला की तोटा चौपट. तेवढीच वीज २४० व्होल्टऐवजी ११,००० व्होल्टने नेली तर प्रवाह चाळीस-पंचेचाळीस पट कमी लागतो. म्हणून उच्चदाबाची तार लांबवर न्यावी आणि घरांच्या अगदी जवळ छोटी रोहित्रं बसवावीत, हे उत्तम. पण रोहित्र महाग. पैसे वाचवायचे म्हणून एकाच डीपीवरून लघुदाबाची तार लांब लांब ओढली जाते. मग शेवटच्या घरातला दिवा मिणमिणतो, मोटर जळते आणि वीजगळती वाढते. जोडण्यांची संख्या वाढवण्याची घाई असली की हे हमखास होतं. शेवटच्या खांबावरच्या माणसाला कमी दाबाचा त्रास ठाऊकच असतो. त्याचं कारण बऱ्याचदा असं आराखड्यातच असतं.

केनियावर दुसऱ्या बाजूनेही भार आला. मागणी झपाट्याने वाढेल या अंदाजावर वीजनिर्मितीचे करार झाले होते. त्यांतल्या बऱ्याच करारांत वीज उचलली नाही तरी पैसे द्यावे लागतात. तुर्काना सरोवराजवळचा ३१० मेगावॉटचा पवनप्रकल्प २०१७च्या सुरुवातीला तयार झाला, पण त्याची वीज वाहून नेणारी सरकारी तार २०१८च्या सप्टेंबरमध्ये पोचली. तोवर पवनचक्क्या तशाच उभ्या, आणि भरपाईचं ओझं जनतेवर. २०२०च्या आर्थिक वर्षात केनिया पॉवर तोट्यात गेली. पुढच्या वर्षी वीजखरेदीचे करार तपासायला राष्ट्राध्यक्षांनी कृतिदल नेमलं.

अभ्यासकांनी प्रयोगातल्या घरांची नंतर पुन्हा पाहणी केली तेव्हा आणखी एक अवघड गोष्ट समोर आली. जोडणी मिळून दीड-दोन वर्षं झाली तरी कुटुंबांच्या कमाईत किंवा मुलांच्या शिक्षणात मोजण्यासारखा फरक पडला नव्हता. यावरून ‘मग वीज कशाला द्यायची’ असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला तो साफ अमान्य आहे. अंधारात बाळंतपण करणाऱ्या बाईला किंवा धुरात अभ्यास करणाऱ्या पोराला उजेड मिळणं ही गोष्ट कमाईच्या रकान्यात दिसली नाही म्हणून कमी मोलाची ठरत नाही. या निष्कर्षांवरून मला एवढंच दिसतं, की विजेने काम मिळायचं तर पंप, गिरणी, शिलाई मशीन आणि शीतपेटी घ्यायला पैसा लागतो, माल न्यायला रस्ता लागतो आणि पुरवठा भरवशाचा लागतो.

हे काम सरकारीच का?

खासगी वीज कंपन्या शंभर वर्षांपूर्वीही होत्या. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. केनियातली जुनी ईस्ट आफ्रिकन पॉवर अँड लायटिंग कंपनी १९२२ची, तीही मुख्यतः शहरांपुरती. जिथे दाट वस्ती आणि पैसेवाला ग्राहक, तिथे तार गेली. खेड्यात कुणी गेलं नाही, कारण हिशेबच बसत नव्हता. म्हणून भारतात १९४८च्या कायद्याने राज्य वीज मंडळं स्थापन करण्याची वाट काढली आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचं मंडळ उभं राहिलं. आडवळणाच्या गावी रिकामी जाणारी एसटी जशी गर्दीच्या मार्गावरच्या तिकिटांवर चालते, तसंच इथेही कारखाने आणि दुकानं यांना जास्त दर लावून त्यातून खेड्यातला कमी दर भागवायचा, ही पद्धत पडली. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात.

ही पद्धत काही काळ चांगली चालते. पण कारखान्याला आता बाहेरून थेट वीज घेता येते, छपरावर सौर पॅनल बसवता येतात. जास्त पैसे देणारा ग्राहक असा निघून गेला की कमी पैसे देणाऱ्यांचा भार उरलेल्यांवर पडतो, दर आणखी वाढतात आणि आणखी ग्राहक बाहेर पडतात. महाराष्ट्रात हे आपण पाहतोच आहोत.

व्हिएतनामने काय केलं

हे कोडं बऱ्याच अंशी सोडवणारा देश म्हणून व्हिएतनामकडे पाहावं लागतं. १९७५ मध्ये, युद्ध संपलं तेव्हा, तिथल्या अडीच टक्के घरांत वीज होती. २००९ मध्ये ९६ टक्के घरांत.

त्यांनी सुरुवात घरांपासून केली नाही. आधी सिंचनाचे पंप जोडले, म्हणजे ज्या विजेतून भात पिकतो आणि पैसा येतो ती आधी. उत्तरेत दा नदीवर सोव्हिएत मदतीने होआ बिन्हचं १,९२० मेगावॉटचं जलविद्युत केंद्र बांधलं. उत्तरेत वीज जास्त आणि दक्षिणेत टंचाई, म्हणून जवळजवळ १,५०० किलोमीटर लांबीची ५०० केव्हीची, म्हणजे पाच लाख व्होल्टची, वाहिनी दोन वर्षांत उभारून १९९४ मध्ये सुरू केली. पुढच्याच वर्षी ईव्हीएन ही राष्ट्रीय वीज कंपनी कामाला लागली.

गावाच्या सीमेपर्यंतची मोठी तार कंपनीने टाकायची, गावातली छोटी तार गावाने आणि कुटुंबांनी, असा खर्च वाटून घेतला गेला. त्यामुळे लोकांचा सहभाग आला आणि वेगही आला. पण गावोगावच्या तारा कमी पैशांत, जमेल तशा टाकलेल्या. गळती प्रचंड होती, आणि गावात वीज वाटणाऱ्या स्थानिक गटांनी लावलेला दर शहरापेक्षा जास्त होता. गरीब माणूस महाग आणि वाईट वीज घेत होता. मग सरकारने ग्रामीण दराला युनिटमागे ७०० डाँगची (डाँग हे तिथलं चलन) मर्यादा घातली, गावगटांना नोंदणीकृत संस्था व्हायला लावलं आणि पुढे त्यांतल्या बऱ्याच संस्था ईव्हीएनच्या कंपन्यांनी आपल्याकडे घेतल्या. जागतिक बँकेच्या कर्जातून जुन्या तारा बदलल्या. जोडणीनंतर तारा सुधारण्यासाठीही वेगळा पैसा ठेवला, ही त्यांच्या कामातली मला सर्वांत शिकण्यासारखी वाटलेली बाब. बहुतेक देशांत पहिल्या खांबासाठी निधी असतो आणि दहा वर्षांनी तो खांब बदलायला नसतो.

व्हिएतनामही या दुखण्यातून पूर्ण सुटलेला नाही. इंधन महागलं तरी ग्राहकांचे दर सरकारने पुरेसे वाढू दिले नाहीत, तेव्हा २०२२ आणि २०२३ मध्ये ईव्हीएनला मोठा तोटा झाला.

आपल्या घरातला हिशेब

भारतात १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली जात असली की ते गाव ‘विद्युतीकृत’ धरलं जाई. एका विहिरीवर एक पंप चालला की अख्खं गाव उजळलं, कागदावर. २००४ मध्ये व्याख्या कडक झाली. गावातल्या किमान १० टक्के घरांत आणि शाळा, ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र अशा ठिकाणी वीज हवी. तरीही १०० पैकी ९० घरं अंधारात असलेलं गाव यादीत बसतच होतं. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधल्या लेइसांग गावात वीज पोचली आणि देशातली सगळी गावं जोडली गेल्याचं जाहीर झालं, ते याच व्याख्येने. घरं मोजायला सुरुवात झाली ती सौभाग्य योजनेत. त्यात २०२२ पर्यंत सुमारे २ कोटी ८६ लाख घरांना जोडणी मिळाली. हे काम मोठं आहे आणि राज्यांच्या वितरण कंपन्यांच्या हजारो वायरमनांनी ते केलं, हे सांगायला हवं.

महाराष्ट्राची खरी अडचण शेतीपंपाची. पंपांना बराच काळ मीटरऐवजी अश्वशक्तीवर बिल लावलं गेलं. मीटर नसला की वापराचा अंदाज बांधावा लागतो. शेतीचा अंदाज फुगवला तर चोरी आणि गळती त्यात सहज लपते. पुण्याच्या प्रयास या संस्थेचा ऊर्जा गट हे वर्षानुवर्षं सांगत आला आहे. बदनाम शेतकरी होतो आणि खरा तोटा कुठे आहे ते कुणालाच दिसत नाही. गावठाणाचा फीडर शेतीपासून वेगळा केल्यावर घरांची परिस्थिती सुधारली, कारण शेतीला दिवसा आठ किंवा रात्री दहा तास थ्री फेज देण्याच्या पाळ्यांमध्ये घरं भरडली जाणं थांबलं. पण रात्री दोन वाजता विंचूकाट्यातून पंप सुरू करायला जाणारा शेतकरी उरलाच. त्याच्यासाठी २०१७ पासून उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचा फीडर दिवसा चालवण्याची योजना सुरू झाली. त्याचा फायदा शेतकऱ्याच्या झोपेइतकाच कंपनीच्या खिशालाही आहे. शेतीची वीज स्वस्तात मिळाली तर कारखान्यांवरचा भार उतरतो.

२०२४ मध्ये राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत केली. शेतकऱ्याला मदत द्यावी की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मदत द्यावीच. प्रश्न ते पैसे महावितरणच्या खात्यात कधी येतात, एवढाच आहे. वीज कायदा २००३च्या कलम ६५ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर ती रक्कम कंपनीला आगाऊ द्यावी. हे कलम या सगळ्या विषयाचा कणा आहे. पैसा उशिरा आला की कंपनी कर्ज काढते, निर्मिती कंपनीचं देणं थकवते, डीपी बदलायचं लांबणीवर टाकते, वायरमनची रिकामी पदं भरत नाही. मग पुरवठा बिघडतो, चिडलेला ग्राहक बिल भरत नाही, आणि थकबाकी वाढल्याचा दोष पुन्हा त्याच्याच माथी येतो.

घरावरचा सौर पॅनल हा यावरचा एक उपाय आहे. एकाकी घरासाठी तो योग्यही आहे. केनियात मोबाइलवरून रोज थोडे पैसे भरून सौर दिवा घेण्याची पद्धत चांगली रुजली. सौभाग्यमध्येही दुर्गम घरांना पाच दिवे आणि एक पंखा चालेल असा संच दिला गेला. पण त्यावर पिठाची गिरणी चालत नाही, वेल्डिंग होत नाही. दाट वस्तीत तारेला अजून तेवढा स्वस्त पर्याय नाही.

आज आफ्रिकेत सुमारे ६० कोटी लोक विजेविना राहतात. जागतिक बँक आणि आफ्रिकन विकास बँक यांनी २०३० पर्यंत त्यांतल्या ३० कोटी लोकांना जोडण्याचा संकल्प केला आहे. त्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये टांझानियातल्या दार-एस-सलाम इथे आफ्रिकी देशांचे नेते जमले आणि पहिल्या काही देशांनी आपापले ऊर्जा करारनामे मांडले. त्यांत जोडण्यांचे आकडे आहेत, तसंच वीज कंपन्यांची आर्थिक स्थिती सुधारण्याची वचनंही आहेत. पुढच्या बातम्या वाचताना मी जोडण्यांचा आकडा पाहीनच. पण त्याआधी त्या देशाचं सरकार सवलतीची रक्कम आपल्या वीज कंपनीला वेळेवर देतं का, नव्या घरांत दिवसाला किती तास वीज असते आणि पाच वर्षांनी तार दुरुस्त करायला पैसा कुठून येणार आहे, हे शोधीन.